बँड सोडू का? डिओचं उदाहरण घेतलंयस तर नीट घेऊ

प्रश्न थोडक्यात असा होता. पुण्यातल्या एका बँडमध्ये गातोस, वय सव्वीस, चार वर्षांत हा तिसरा बँड, आणि आता एका लेबलने (म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने) बाकीच्यांना बाजूला ठेवून फक्त तुला सोलो डील देऊ केलंय, एक अल्बम पक्का आणि पुढचे दोन त्यांच्या मर्जीवर. बँडवाले गद्दार म्हणतायत, घरचे म्हणतायत तुझं कुठे बूडच टेकत नाही, आणि तू विचारतोयस की मग हेवी मेटलचा गायक रॉनी जेम्स डिओ एवढे बँड फिरून एवढा मोठा कसा झाला.

मी वकील नाही हे आधीच सांगतो. आधी गायचो (बरा गायचो, फार बरा नाही), नंतरची वीसेक वर्षं बँडांची बुकिंगं आणि लेबलांचे कागद बघण्यात गेली. आणि डिओ हा माझा जुना आजार आहे, मुंबईत रंगभवनला आय-रॉक हा रॉक बँडांचा जलसा बघत मोठ्या झालेल्या पिढीत तो बऱ्याच जणांना असतो. त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बस.

डिओ बँड बदलून मोठा झाला हे अर्धंच खरं आहे. त्याच्या रेकॉर्डी ओळीने मांड आणि फक्त बँडची नावं न वाचता कव्हरच्या मागे बारीक अक्षरात लेबलचं नाव असतं ते वाच, मग वेगळंच दिसतं. गडी बँड सोडत गेला, पण ज्या ऑफिसातून करार निघायचे त्या ऑफिसची दारं त्याने सहसा बंद करून घेतली नाहीत. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, पण ते कसं घडलं ते बघण्यासारखं आहे.

तुझं सव्वीस वय आधी बाजूला ठेवू. डिओ जन्मला १९४२ ला, खरं नाव रोनाल्ड पॅडावोना, न्यूयॉर्क राज्यातल्या कोर्टलँड नावाच्या लहान गावात वाढला. लहानपणी घरच्यांनी ट्रम्पेट हातात दिलं, गाण्याची तालीम कधीच घेतली नाही, पण दम कुठून काढायचा आणि कसा पुरवायचा हे त्या ट्रम्पेटने शिकवलं असं तो स्वतःच सांगायचा. (तू प्राणायामाचे व्हिडिओ बघतोस ना, तेच, फक्त पितळी.) १९५७ पासून शाळकरी पोरांचे बँड, व्हेगास किंग्ज, मग रॉनी अँड द रेड कॅप्स, मग रॉनी डिओ अँड द प्रॉफेट्स, पहिली सिंगल १९५८ ला एका किरकोळ लेबलवर आणि त्यातही एका बाजूला हा ट्रम्पेट वाजवतोय. पुढे छोट्या छोट्या लेबलांवर सिंगल येत राहिल्या, एकही चालली नाही. १९६७ ला बँडचं नाव इलेक्ट्रिक एल्व्ज, त्याचं पुढे एल्फ झालं. १९६८ ला बँडच्या गाडीला अपघात होऊन त्यांचा गिटारिस्ट गेला, बाकीचे जखमी. आणि मोठ्या कंपनीचा पहिला अल्बम आला १९७२ ला, तेव्हा साहेब तिशीत. म्हणजे पंधरा वर्षं. तू चार वर्षांवर रडतोयस.

तो १९७२ चा करार कसा झाला हे बघ, कारण इथूनच धागा सुरू होतो. डीप पर्पल या बड्या इंग्लिश रॉक बँडचे रॉजर ग्लोव्हर आणि इयन पेस अमेरिकेत असताना त्यांच्या कानावर एल्फ पडला, दोघांना आवडला आणि त्यांनीच तो अल्बम प्रोड्यूस केला, एपिक लेबलवर. त्या पहिल्या अल्बमवर गायकाचं नाव रोनाल्ड पॅडावोना असं छापलंय, डिओ नाही. कारण काय तर आईबापाला निदान एकदा तरी घरचं आडनाव रेकॉर्डवर बघता यावं. पुढे परत कधी ते नाव त्याने लावलं नाही. मला ही गोष्ट त्याच्या सगळ्या ड्रॅगन-तलवारींपेक्षा जास्त आवडते.

तर एल्फ पर्पलच्या गोटात शिरला. त्यांच्या टूरवर आधी वाजवायला हे, आणि १९७४ चा दुसरा अल्बम इंग्लंडात थेट पर्पल रेकॉर्ड्स या पर्पलच्याच लेबलवर. अमेरिकेत तोच अल्बम एमजीएमने काढला आणि नावच बदललं, इंग्लंडात कॅरोलिना काउंटी बॉल आणि अमेरिकेत एल.ए. ५९. गाणी तीच. टेरिटरी म्हणजे काय हे कुणी विचारलं की मी हेच उदाहरण देतो, एकाच मालाचे दोन देशांत दोन मालक, आणि कव्हरवर काय छापायचं ते ज्याच्या त्याच्या हातात.

मग १९७४ च्या अखेरीला पर्पलचा गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर वैतागला. त्याला एक कव्हर, म्हणजे दुसऱ्या बँडचं गाणं, करायचं होतं, बँडने नको म्हटलं, म्हणून त्याने डिओला बोलावलं, म्हटलं चल सोलो सिंगल करू. एका सिंगलचा अल्बम झाला, फेब्रुवारी-मार्च १९७५ मध्ये म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत, आणि वाजवायला कोण तर गिटारिस्ट सोडून अख्खा एल्फ. अल्बमचं नाव रिची ब्लॅकमोर्स रेनबो. मालकाचं नाव आधी, हे लक्षात ठेव.

आपल्याकडे हे कळायला काहीच अवघड नाही, तमाशाचा फड डोळ्यापुढे आण. फडाला नाव मालकाचं, गाणारी-नाचणारी-ढोलकीवाला सगळे हंगामाचे, दसऱ्याला घेतले आणि यात्रा संपल्या की मोकळे, आणि नारायणगावच्या राहुटीत गावकरी सुपारी देतात ती फडाच्या नावाला. उद्या मालकाने ढोलकीवाला बदलला तर सुपारी काही रद्द होत नाही. रेनबो हा असला फड होता. अल्बम बाहेर आला आणि ब्लॅकमोरने एल्फची सगळी माणसं एकेक करून काढली, फक्त गायक ठेवला. ज्या पोरांबरोबर हा वर्षानुवर्षं एका व्हॅनमध्ये फिरला ती गेली आणि हा राहिला. गद्दार म्हणायचं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं, नाही का? मला हे आजही थोडं खटकतं, आणि कागदाच्या बाजूने बघितलं तर त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

कारण कागदाच्या बाजूने काय झालं ते बघ. रेनबोचं लेबल ऑयस्टर, जे पर्पलच्याच मॅनेजमेंटने काढलेलं, विकायला पॉलिडोर. म्हणजे बँड बदलला, ऑफिस तेच. आणि दुसरं, महत्त्वाचं, पहिल्या अल्बमपासून बहुतेक गाण्यांवर क्रेडिट ब्लॅकमोर-डिओ असं जोडीने आहे. फड मालकाचा, पण लावणी दोघांच्या नावावर. १९७६ चा रायझिंग घे, म्युनिक फिलहार्मोनिक घेऊन केलेलं ते साडेआठ मिनिटांचं स्टारगेझर, त्यातले शब्द डिओचे. नोकरी गेली तरी ते क्रेडिट जात नाही.

नोकरी गेलीच. १९७८ च्या अल्बमनंतर ब्लॅकमोरला रेडिओवर चालणारी, सोपी, प्रेमाबिमाची गाणी हवी होती, याला किल्ले आणि जादूगार हवे होते, जमेना, १९७९ सुरू होता होता हा बाहेर. (ब्लॅकमोर धंद्याच्या बाजूने चुकीचा नव्हता हां, पुढच्या गायकाबरोबर त्यांचं सिंगल इंग्लंडात सहाव्या नंबरवर गेलं.)

इथे एक मिनिट थांबून पैशाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लेबल तुला जो ॲडव्हान्स देतं तो पगार नाही आणि बक्षीसही नाही, ती उचल आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीला मुकादम देतो तशी उचल. फिटेपर्यंत तुझ्या रॉयल्टीतून कापली जाते, आणि नुसती हातात आलेली रक्कम नाही, स्टुडिओचं भाडं, मिक्सिंग, व्हिडिओ, कधी कधी टूरचा तोटासुद्धा तुझ्या खात्यावर लिहिलेला असतो. आणि कापताना तुझ्या टक्क्यातूनच कापतात. म्हणजे समज तुझी रॉयल्टी बारा टक्के आहे, तर शंभर रुपये आले की बारा रुपये उचलीत वळते होणार आणि अठ्ठ्याऐंशी कंपनी घेऊन जाणार. दहा लाख खर्च फिटायला त्र्याऐंशी लाखांच्या वर धंदा व्हावा लागतो, कॅल्क्युलेटर काढून बघ. शिवाय पहिल्या अल्बमची न फिटलेली उचल दुसऱ्या अल्बमवर चढते का हे करारात असतं, ते शोध. चढत असेल तर दुसरा अल्बम तू कर्ज घेऊनच सुरू करतोस.

आता सॅबथ, म्हणजे ब्लॅक सॅबथ हा इंग्लिश मेटल बँड. १९७९ ला त्यांचा गायक ऑझी ऑस्बोर्नला काढल्यावर गिटारिस्ट टोनी आयोमीला गायक हवा होता, याला काम हवं होतं, लॉस एंजेलिसात गाठ पडली. १९८० चा अल्बम हेवन अँड हेल इंग्लंडात नवव्या नंबरवर, अमेरिकेत अठ्ठाविसाव्या, संपलेला म्हणून सोडून दिलेला बँड परत उभा राहिला. प्रोड्यूसर कोण? मार्टिन बर्च, रेनबोच्या रेकॉर्डींवर काम केलेला. बघ, माणूसही सोबत आला. आणि लेबल: अमेरिकेत वॉर्नर, इंग्लंडात व्हर्टिगो.

ते बोटांची शिंगं करायचा हात वर करतात ना कॉन्सर्टमध्ये, ते याच काळातलं. ऑझी दोन बोटांनी शांतीची खूण करायचा, याला वेगळं काहीतरी हवं होतं, तर याने इटालियन आजीची खूण उचलली, नजर लागू नये म्हणून ती करायची ती. म्हणजे अख्ख्या जगातले मेटलवाले चाळीस वर्षं दृष्ट काढतायत. आपल्या आज्या मीठ-मोहरी घ्यायच्या, एवढाच फरक.

सॅबथमध्ये असतानाच वॉर्नरने डिओला सोलोची ऑफर दिली. हुबेहूब तुझी केस. आणि बँडमध्ये हुबेहूब तेच झालं जे तुझ्याकडे चाललंय, कुजबुज. १९८२ चा लाइव्ह अल्बम, लाइव्ह एव्हिल, मिक्स होत असताना तर कहर झाला, आयोमी आणि बासवाला बटलर यांचं म्हणणं की हा रात्री गुपचूप स्टुडिओत जाऊन आपला आवाज वाढवतो, हा म्हणाला साफ खोटं. खरं काय ते त्यांना ठाऊक. पण अल्बमवर सूड कसा काढलाय बघ, गायकाचं नाव नुसतं रॉनी डिओ, मधला जेम्स गायब, आणि ड्रमर विनी अपिसीला बँडचा मेंबर म्हणून नाही तर आभारात टाकलंय. मी हा अल्बम हातात घेतला की गाणी ऐकायच्या आधी हे वाचतो. बँड फुटायला आला की पहिला घाव क्रेडिटवर पडतो, हे मी इथे चार-पाच वेळा बघितलंय, तुझ्या बँडच्या स्पॉटिफाय पेजवर गीतकार-संगीतकार म्हणून कुणाची नावं आहेत ते आजच बघून घे.

तर तो बाहेर पडला, अपिसीला घेऊन, रेनबोतला जुना बासवाला जिमी बेन घेतला, उत्तर आयर्लंडचा विशीतला व्हिव्हियन कॅम्पबेल गिटारला, आणि मे १९८३ ला होली डायव्हर. प्रोड्यूसर तो स्वतः. लेबल वॉर्नर आणि व्हर्टिगो. परत तेच! बँड चौथा-पाचवा, दार तेच. फरक एवढाच की या वेळी फडाचं नाव डिओ. आडनाव नाही, पाळण्यातलं नाव नाही, एका गुंडावरून पोरवयात उचललेलं स्टेजचं नाव, पण त्याचं, कुणी काढून घेऊ शकत नाही असं. अल्बम अमेरिकेत १९८४ ला गोल्ड आणि १९८९ ला प्लॅटिनम झाला.

आणि आता दुसरी बाजू, कारण डिओची आरती ओवाळत बसायला मी हे लिहीत नाहीये. फडमालक झाल्यावर तोही फडमालकासारखाच वागला. कॅम्पबेलने नंतर किती मुलाखतींत सांगितलंय की आम्ही पगारी होतो, सुरुवातीला तोंडी शब्द दिला होता की तिसऱ्या अल्बमपर्यंत भागीदारी होईल, ती झाली नाही, विचारायला गेलो तर काढलं. डिओची बायको वेंडी मॅनेजर होती, तिची बाजू वेगळी आहे. कोण खरं यात मी पडत नाही. पण शब्द तोंडी होता यावर भांडण उभंय, कागद असता तर भांडण पाच मिनिटांत संपलं असतं. (वेंडी आणि तो १९८५ ला वेगळे झाले तरी मॅनेजर तीच राहिली, शेवटपर्यंत. परत, ऑफिस सोडलं नाही.)

नव्वदीचं पटकन सांगतो. १९९२ ला परत सॅबथ, डीह्युमनायझर, अमेरिकेत रिप्रीझ म्हणजे वॉर्नरचंच घराणं. नोव्हेंबरमध्ये ऑझीच्या निरोपाच्या शोला आधी वाजवायचं ठरलं, हा म्हणाला मी त्याच्या आधी गाणार नाही, आणि आदल्या रात्रीचा ओकलंडचा शो करून घरी गेला, ते दोन शो जुडास प्रीस्टचा गायक रॉब हॅलफर्डने गायले. नंतर काळ फिरला, ग्रंज नावाचा नवा रॉक आला, आणि १९९६ पासून त्याची लेबलं बघ, मेहेम, मग स्पिटफायर, मग सँक्चुअरी, सगळी लहान किंवा मधली. मोठं दार बंद झालं. तरी अल्बम येत राहिले, कारण नाव त्याचं होतं आणि जुन्या गाण्यांवर त्याचं क्रेडिट होतं.

शेवटची गोष्ट तर नावाचीच. २००६ ला तेच चौघे, आयोमी, बटलर, अपिसी, डिओ, परत एकत्र आले, पण सॅबथ हे नाव लावलं नाही, हेवन अँड हेल म्हणून फिरले. गाणी सॅबथची, माणसं सॅबथची, पाटी वेगळी. २००९ चा अल्बम अमेरिकेत आठव्या नंबरवर आला, आणि त्याच वर्षी ऑझीने सॅबथ नावाच्या मालकीवरून आयोमीवर न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला, तो २०१० ला मिटला. मे २०१० मध्ये डिओ पोटाच्या कॅन्सरने गेला.

आता तुझं.

एक, तुझ्या सध्याच्या बँडने आधी कुठे सही केली आहे का, डिस्ट्रिब्युटरशी, मॅनेजरशी, कुणाशीही? केली असेल तर त्यात सोडून जाणाऱ्या मेंबरचं कलम शोध. माझ्याच एका बँडचा गायक असाच निघाला, आणि मग कळलं की बँडने जिथे सही केली होती त्या कंपनीचा त्याच्या सोलो गाण्यांवर पहिला हक्क. कंपनी गाणी घेईना आणि सोडेना. पोरगं दीड वर्ष घरी बसलं. तो करार बँडच्या वतीने मीच वाचला होता, त्यामुळे तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही आणि बरोबरच आहे त्याचं.

पुढचे दोन अल्बम त्यांच्या मर्जीवर म्हणजे बांधलेला तू आहेस, ते नाहीत. त्यांनी किती महिन्यांत हो-नाही सांगायचं याची तारीख टाकून घे, तारीख गेली की तू मोकळा. आणि मुदत, प्रदेश लिहून घे. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ते लिहितात, कायमचे आणि संपूर्ण विश्वात. मी एकदा विचारलं होतं मंगळावर कोण वसुली करणार, तर समोरचा हसला नाही.

शब्द-चाल तू करतोस ना? मग २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा करारातून काढून घेता येत नाही, तू सही केलीस तरी. पण आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) मेंबर नसशील तर तो वाटा तुझ्यापर्यंत पोचणार कुठून? त्याचा फॉर्म आधी भर, सही नंतर. मास्टर रेकॉर्डिंगचं, म्हणजे स्टुडिओत झालेल्या मूळ ध्वनिमुद्रणाचं, मात्र वेगळं आहे, पैसे लावणारा सहसा मालक, तिथे इतक्या वर्षांनी मास्टर परत मिळेल असं मागून बघ, नाही म्हणतील, तरी माग.

नाव. तू कुठल्या नावाने गाणार? ते ट्रेडमार्कला एक्केचाळीसाव्या (मनोरंजनाच्या) वर्गात तुझ्या स्वतःच्या नावावर टाक, कंपनीच्या नाही. आणि जुन्या बँडचं नाव कुणाचं हे चौघांनी बसून एका कागदावर लिहा, तू सोडत असशील तर त्यांचं असं लिहून दे. त्याने गद्दारीचं अर्धं बोलणं तिथेच थांबतं, अनुभव आहे.

करार इथे टाकू नकोस, वकिलाला दाखव, आणि तोही घराच्या व्यवहाराचे कागद बघणारा ओळखीतला काका नको, मनोरंजनाचे करार करणारा शोध, पाच-दहा हजार जातील. आणि तुझ्या ड्रमरला आज संध्याकाळी फोन कर. लेबलवाल्याच्या इन्स्टा स्टोरीतून त्याला कळलं तर मग कागद कितीही चांगला असू दे.